मुंबईचा चंद्र

ईदच्या दिवशी रोजा धरलेला मुसलमान कुणाला बघायचा असेल, तर त्यानं अडुसष्ट सालच्या एक जानेवारीला दुबईच्या देऱ्यात यायला हवं होतं. एक नाही, अख्खी ओळ दाखवली असती मी त्याला. आदल्या संध्याकाळी तोफांचे आवाज झाले, चंद्र दिसल्याची बातमी गल्लीगल्लीत पोचली, आणि सकाळी सगळं गाव नवे कपडे घालून, अत्तर लावून नमाजाला गेलं. आणि आमच्या ओळीतल्या खोल्यांत रत्नागिरी-कुलाब्याकडची धट्टीकट्टी माणसं दारं लोटून, सुकलेल्या तोंडानं भिंतीला टेकून बसली होती. का? तर मुंबईला चंद्र दिसला नव्हता.

हा सगळा कमरुद्दीनचाचांचा कारभार. चाचा बाणकोटचे. ज्या कंपनीत आमची सगळी माणसं कामाला होती, तिथले ते सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम. तेव्हा दुबईला मोठ्या बोटींसाठी धक्का नव्हता. बोटी बाहेर समुद्रात नांगर टाकून उभ्या राहत, कंपनीच्या लाँची बार्ज, म्हणजे सपाट मालवाहू होड्या, ओढत तिथवर जात आणि माल उतरवून खाडीत आणत. बार्जवरचा जवळजवळ प्रत्येक माणूस चाचांनी गावाकडून आणलेला, त्यामुळे चाचांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. रोजे आणि ईद मुंबईच्या चंद्रानं करायची, हे चाचांनी फार पूर्वी ठरवून टाकलं होतं, आणि त्यांच्यापुढे ब्र काढायची कुणाची छाती नव्हती. माझा नवरा जहूर कंपनीच्या लाँचचा तांडेल. भर वाऱ्यात लाँच खाडीच्या तोंडातून बाहेर काढणारा माणूस, पण चाचांसमोर त्याची मान जी खाली जायची ती वर यायची नाही.

कंपनीला आमचा हा वेगळा चंद्र फार आवडायचा. अरब माणसं पहिल्या दिवशी सुटीवर, आमची दुसऱ्या दिवशी, म्हणजे काम एक दिवसही बंद नाही. साहेब दर ईदला चाचांच्या खांद्यावर थाप मारून म्हणायचा, "टू मून्स, व्हेरी गुड!" चाचांना वाटायचं, इंग्रज माणूस, पण आपल्या धर्माची किती कदर करतो. मला वाटायचं, फुकटची कदर कोण करत नाही?

तर त्या सकाळी मी चुलीपाशी नुसतीच बसले होते. माझी जहांआरा तेव्हा चार वर्षांची. दारातून बाहेरच्या पोरींचे जरीचे झगे बघून तिनं भोकाड पसरलं होतं. तिचा झगा पेटीत, कारण आमची ईद उद्या. तेवढ्यात आमची घरमालकीण उम्म खल्फान आली. हातात गहू-मटण घोटून केलेल्या हरीसचं भांडं, वरून तूप सोडलेलं. तिला सगळं माहीत होतं, तरी दरवर्षी ती मुद्दाम यायची.

"शहरबानू," ती तिच्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "तुम्हारा चाँद बोट में आता है क्या?"

मी हसले. दुसरं काय करणार? ईदला रोजा हराम, हे तिला माहीत, मलाही माहीत. पण मुंबईच्या हिशेबानं आज ईद नव्हती, आणि रोजा तोडला तर तेही पाप. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तो हाच. मी भांडं झाकून ठेवलं, जहांआराला दोन घास भरवले आणि मनातल्या मनात चाचांना काय काय म्हटलं ते इथं लिहीत नाही.

खरं सांगायचं तर त्या दिवशी माझं अर्धं लक्ष या चंद्राच्या घोळात नव्हतंच. दुसऱ्या दिवशी माझी आई येत होती.

येत होती म्हणजे, इथून जात होती. माझा भाऊ हारुन कुवेतला. त्याच्या बायकोचं बाळंतपण जवळ आलं होतं, म्हणून आई, मरियमबी, दाभोळहून निघून मुंबईला बोटीत बसली होती. ती बोट वाटेत दुबईसमोर थांबायची, एक दिवस, माल उतरेपर्यंत. आईला इथं उतरायची परवानगी नव्हती. पण मला तर बोटीवर जाता येत होतं ना! लग्न करून इथं आल्यापासून मी तिला पाहिलं नव्हतं. जहांआराला तर तिनं फोटोतच बघितलं होतं, आणि आता तेही अवघड, कारण तिच्या एका डोळ्यानं दिसेनासं झालं होतं आणि दुसऱ्यात मोतीबिंदू उतरत होता. कुवेतहून ती परत कधी येणार, कोणत्या वाटेनं येणार, तोवर डोळ्यांत काय उरणार, कुणाला ठाऊक. मला तिनं माझी पोर डोळ्यांनी बघायला हवी होती. बाकी मला त्या ईदकडून काही नको होतं.

बंदोबस्त जहूरनं केला होता. पॅसेंजरांची लाँच वेगळी असे, तिच्यावर तिकिटाशिवाय कुणाला घेत नसत. होडीतून जावं तर खाडीबाहेरच्या लाटांत पोरीला घेऊन जायची हिंमत नव्हती. पण ईदच्या सुटीला कंपनीची लाँच आमच्या माणसांना फिरायला मिळायची, तशी रीतच होती. दोन जानेवारीला सकाळी नमाज झाली की जहूर मला आणि पोरीला बोटीवर पोचवणार, दुपारभर आम्ही आईपाशी बसणार, संध्याकाळी परत. हेडक्लार्क खैरुद्दीनला त्यानं आधी विचारलंही होतं. "काय प्रॉब्लेम नाही, इन्शाल्ला," असं तो म्हणाला होता.

संध्याकाळी सगळी माणसं चाचांच्या खोलीत ट्रान्झिस्टरभोवती जमली. मी पडद्याआड. खरखर, गाणं, पुन्हा खरखर, आणि मग मुंबईची बातमी: चंद्र दिसला, ईद उद्या. माणसांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. खजूर फिरला. सुकलेली तोंडं एका क्षणात खुलली. मीही खुश झाले, खोटं कशाला बोलू? दूध आटवायला ठेवलं, शेवया भाजायला घेतल्या.

आणि खैरुद्दीन आला.

खैरुद्दीन म्हसळ्याचा, मॅट्रिक झालेला. आमच्यातला एकटाच साहेबाशी इंग्रजीत बोलू शकणारा, म्हणून सगळे त्याला मान द्यायचे. मीही द्यायचे. आत आला तसा अत्तराचा वास आला. या माणसानं आमच्यातून गुपचूप बाजूला होऊन तोफेची ईद केली होती, साहेबाच्या बंगल्यावर जाऊन नव्या वर्षाच्या शुभेच्छाही देऊन आला होता. जेवलेला दिसत होता.

"उद्या सगळ्यांनी ड्यूटीवर," तो म्हणाला. "बोट पहाटे लागते. साहेबाची ऑर्डर आहे."

"उद्या ईद आहे," चाचा म्हणाले.

"ईद आज झाली, चाचा. आज ऑफिस क्लोज होतं. सगळ्यांना हॉलिडे मिळाला की."

"तो इंग्रजांच्या नव्या वर्षाचा."

"त्यांचं न्यू इयर आणि ईद या वर्षी एकाच दिवशी आली, त्याला साहेब काय करणार? हॉलिडे एकच. तोच न्यू इयरचा, तोच ईदचा."

"आम्हाला आज रोजे होते!" चाचांचा आवाज चढला. "रोजा धरून ईद केली म्हणतोस तू आम्ही?"

खैरुद्दीननं खांदे उडवले. "हॉलिडे म्हणजे हॉलिडे. त्यात तुम्ही जेवा, झोपा, उपाशी राहा, तो तुमचा पर्सनल मॅटर आहे."

पर्सनल मॅटर! खोलीभर माणसं उठून उभी राहिली. कुणी शिवी दिली, कुणी खैरुद्दीनच्या शर्टाला हात घातला. चाचांनी सोडवलं. मला पडद्याआडून सगळं दिसत होतं. इतकी वर्षं साहेबाला दोन चंद्र चालत होते, कारण दोन चंद्रांत त्याचं काम एक दिवस वाचत होतं. या वर्षी दोन चंद्रांत त्याचा एक दिवस जात होता, तर लगेच त्याला एकच चंद्र दिसायला लागला. आणि हे त्याच्या डोक्यात आपणहून आलं असेल? साहेबाला रमजान आणि मोहरम यांतला फरक कळत नव्हता. त्याला हा हिशेब आमच्यातल्याच कुणीतरी मांडून दिला. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा आमच्यासमोर अत्तर लावून उभा होता.

शर्ट सारखा करत खैरुद्दीन म्हणाला, "जो येणार नाही त्याचा पासपोर्ट साहेब बाहेर काढून ठेवणार. पुढची बोट पकडायची, मुंबई, खलास. मला शिव्या देऊन उपयोग नाही. मी मेसेज आणलाय." मग जहूरकडे वळून, "आणि तू लाँचचं हँडल दे. उद्या जेट्टीवर कामाला आलास की मिळेल."

ते लोखंडी हँडल घालून फिरवल्याशिवाय लाँचचं इंजिन सुरू होत नसे. जहूर ते रोज घरी आणायचा. मला वाटलं आता हा बोलेल. बोटीवर माझी सासू आहे म्हणेल, तू हो म्हणाला होतास म्हणेल, काहीतरी म्हणेल. तो गेला, आमच्या खोलीच्या कोपऱ्यातून हँडल उचललं आणि आणून दिलं. जहूर मला आवडायचा, अजून आवडतो, पण त्या क्षणी त्याच हँडलानं त्याचं डोकं फोडावंसं वाटलं.

खैरुद्दीन गेल्यावर चाचा म्हणाले, "उद्या कामावर कुणी जायचं नाही. बघू किती पासपोर्ट काढतो ते."

सगळ्यांनी "बरोबर! बरोबर!" केलं. मी पडदा सारून बाहेर आले. एवढ्या पुरुषांत मी कधी बोलले नव्हते.

"आणि माझी आई?" मी म्हटलं. "तुम्ही इथं रुसून बसा. लाँच निघणार नाही, आणि बोट माझ्या आईला घेऊन निघून जाईल. चाचा, या खाडीवर चंद्र दिसला होता ना? मग? ज्या गावची भाकरी खातो त्या गावचा चंद्र का चालत नाही आपल्याला? काल तोफ झाली तेव्हा ईद केली असती तर हा क्लार्क आज तोंड वर करून आला असता का?"

जहूर म्हणाला, "शहरबानू, आत जा." मी गेले नाही.

चाचांना माझा राग येईल असं मला वाटलं होतं. ते खाली बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "बेटा, मी अठ्ठेचाळीस सालापासून इकडे. तुझी चाची बाणकोटला. आमच्या लग्नाला जेवढी वर्षं झाली, तेवढ्या ईदा एकत्र करायला हव्या होत्या ना? हाताच्या बोटांवर मोजाव्यात एवढ्या झाल्या. म्हणून मी तिला सांगून ठेवलं होतं, तू ज्या दिवशी तिथं शीरखुर्मा ओतशील, त्याच दिवशी मी इथं ओतीन. निदान दिवस तरी एक असू दे. बाकी आपलं काय एक आहे?"

खोलीतल्या प्रत्येकाची कुणीतरी तिकडे होती. मला एकदम कळलं की हा मुंबईचा चंद्र मौलवीनं दिलेला नव्हता, चाचांनी चाचीसाठी धरून ठेवला होता, आणि हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. माझा राग इथं विरघळायला हवा होता. मला चाचांची दया आली, खूप आली, पण राग जिथल्या तिथं होता. चाचीची ईद चुकू नये म्हणून माझी आई चुकायची? हा कुठला न्याय?

ते माझ्या तोंडावर दिसलं असेल. चाचा म्हणाले, "तुझी आई तुला भेटेल. उद्या नमाज झाली की मी साहेबाशी बोलतो. लाँच पहिली खेप तुला घेऊन करेल, त्याच खेपेपासून बार्जही ओढू. दुपारपासून सगळे काम करू. ईद असली तरी करू. सकाळ तेवढी आमची. अर्धी ईद त्याची, अर्धी आमची. एवढं तर कुणीही ऐकेल."

ज्या माणसानं वीस वर्षं आपल्या चंद्राचा एक कण सोडला नव्हता, तो अर्धी ईद सोडायला तयार झाला. माझ्यासाठी. मी त्यांच्या पायाशी वाकायला गेले, तर ते म्हणाले, "जा, दूध उतू जाईल."

दुसऱ्या दिवशी मशिदीत आमची ईद कोण पढवणार? तिथं ती होऊन गेली होती. दरवर्षीसारखी गोदामामागच्या वाळूत चटया पसरून आमची नमाज झाली. मी पोरीला झगा घातला, शीरखुर्म्याचं भांडं फडक्यात बांधलं आणि जेट्टीवर आले. बोट लागली होती. खाडीच्या तोंडापलीकडे दूर तिचा काळा सांगाडा आणि धूर दिसत होता. त्या धुराखाली माझी आई होती.

साहेब गाडीला टेकून उभा होता. शेजारी खैरुद्दीन, हातात हँडल. आमची माणसं पांढऱ्या शुभ्र कपड्यांत, डोक्यावर टोप्या, एकामागून एक जेट्टीवर आली. चाचांनी साहेबाला सलाम केला आणि सगळं सांगितलं. खैरुद्दीननं इंग्रजी केलं. साहेबानं माझ्याकडे बघितलं, पोरीकडे बघितलं, भांड्याकडे बघितलं.

"नो," तो म्हणाला.

पुढचं तो बरंच बोलला. खैरुद्दीन सांगत गेला. हॉलिडे काल झाला. आज वर्किंग डे आहे. कामाची माणसं आधी कामाचे कपडे घालून येतील, मग बोलणं. कंपनीची लाँच म्हणजे टॅक्सी नाही. आज एकाच्या बायकोला नेलं, तर उद्या प्रत्येकाची बायको येऊन उभी राहील.

"कुणाची बायको?" मी मोठ्यानं म्हटलं. "त्याला विचारा, इथं कुणाची बायको आहे? सगळ्यांच्या तिकडे आहेत!"

खैरुद्दीननं हे इंग्रजीत केलं नाही.

चाचांनी पुन्हा एकदा विनंती केली. एकच खेप. बार्ज बांधूनच जाऊ, ही आणि पोर लाँचवर एका कोपऱ्यात बसतील. यात कंपनीचं काय जात होतं? काही नाही. मिनिटभराचा खोळंबा नव्हता. माणसं काम करायला तयार होती, तेही ईदच्या दिवशी. पण साहेबाला काम नकोच होतं तेव्हा. त्याला आमच्या अंगावरचे कपडे उतरवून हवे होते. त्यानं मान हलवली आणि गाडीत जाऊन बसला.

चाचा वळले. त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं. ते दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसले. त्यांच्यामागं सगळी माणसं जेट्टीवरच मांड्या घालून बसली. घोषणा नाहीत, शिव्या नाहीत. साहेब गाडीत, माणसं जमिनीवर, आणि मधे मी, कडेवर पोर आणि हातात भांडं घेऊन.

ऊन चढत गेलं. पॅसेंजरांची लाँच बोटीकडे जाऊन आली, माणसं पेट्या घेऊन उतरली. त्यातल्या एका बाईला मी विचारलं, मरियमबी नावाची म्हातारी पाहिली का? ती म्हणाली, एक म्हातारी पहाटेपासून कठड्याला धरून उभी आहे, येणाऱ्या प्रत्येक होडीला हाक मारते आहे. मी चाचांकडे गेले. "आतातरी उठा," म्हटलं, "कपडे बदला, जा कामावर, तुमच्या पाया पडते." चाचा उठले. खरंच उठले. ईदचा कोट काढायला लागले. माझ्यासाठी उरलेली अर्धी ईदही सोडायला निघाले होते.

आणि बोटीचा निघायचा भोंगा झाला.

ती बोट एरवी संध्याकाळपर्यंत थांबायची. पण एकही बार्ज आला नाही, तर कप्तान कशाला वाट बघेल? दुबईचा माल तसाच पुढं नेईल आणि परतीच्या वाटेवर उतरवेल. साहेबाला हे ठाऊक होतं. त्याचा माल आठवड्यानं येणार होता, एवढंच. भोंगा ऐकून त्यानं गाडीची काचसुद्धा खाली केली नाही. त्याच्यासाठी सगळं परत येणार होतं.

मग मी काय केलं ते लोक पुढं बरीच वर्षं सांगत होते, वाढवूनही सांगत होते. मी पोर जहूरच्या हातात दिली, खैरुद्दीनसमोर गेले आणि त्याच्या हातातलं हँडल धरून ओढलं. त्यानं सोडलं नाही. मी त्याच्या मनगटाला कडकडून चावले. तेव्हा सोडलं.

"चोरी! कंपनीच्या मालाची चोरी!" तो किंचाळला.

"कर तुझ्या साहेबाला इंग्रजी," मी म्हटलं आणि हँडल जहूरसमोर धरलं. "काल याला दिलंत ना? आता माझ्याकडून घ्या."

जहूरनं एकदा गाडीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग त्यानं पोर परत माझ्याकडे दिली आणि लाँचमध्ये उडी मारली. मागून पोर आणि भांडं घेऊन मी चढले, मग चाचा आले, आणखी दोघे आले. साहेब गाडीतून उतरून ओरडत होता, पण इंजिन सुरू झालं होतं. त्याची किंमत पुढं जहूर आणि चाचा दोघांनी दिली, जहूरला लाँचवरून काढलं आणि चाचांना गावी धाडलं. त्याचा आज मला पश्चात्ताप नाही.

खाडीच्या तोंडाशी लाटा उसळत होत्या. शीरखुर्मा सांडून माझी ओढणी चिकट झाली. जहांआरा घाबरून रडत होती. मी तिला सांगत होते, नानी बघायची ना, ती बघ नानी. बोट मोठी मोठी होत गेली. जवळ पोचलो तेव्हा शिडी वर घेतलेली होती आणि नांगराची साखळी खडखडत वर येत होती.

वरून एक खलाशी वाकून बघत होता. जहूर ओरडला, "शिडी टाका! एक मिनिट शिडी टाका!" खलाशानं हात हलवून नाही म्हटलं. मग आमच्या टोप्या बघून त्यानंच मराठीत विचारलं, "कुठले रे तुम्ही?"

"दाभोळ!" मी ओरडले. "मरियमबी! दाभोळची मरियमबी! तिला बोलवा!"

तो धावला आणि पलीकडच्या कठड्यापासून एका म्हातारीला हाताला धरून घेऊन आला. आई केवढीशी झाली होती. तिनं नवी ओढणी घेतली होती. ती आमच्या डोक्यांवरून दूर खाडीकडे बघत होती. मी जहांआराला दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं आणि ओरडले, "आये! इकडे! खाली!" खलाशी तिला बोटानं दाखवत होता. तिनं मान वळवली, पण भलतीकडे वळवली. ती ऐकत होती, बघत नव्हती. मग तिनं खलाशाच्या कानाशी काहीतरी सांगितलं.

खलाशानं तोंडाभोवती हात धरले. "तुमची आई विचारते, पहाटेपासून उभी आहे! एवढा उशीर का केलात?"

बोटीमागचं पाणी ढवळू लागलं होतं. जहूर लाँच कशीबशी बाजूला धरून होता. काय सांगू मी? कोणता चंद्र सांगू, कोणाची तोफ सांगू? चाचा मान खाली घालून बसले होते.

"सुटी नव्हती!" मी घसा फाटेस्तोवर ओरडले. "सांगा तिला, सुटी नव्हती!"

खलाशानं वाकून तिला सांगितलं.

आणि आईनं मान डोलावली. तिला पटलं. माझा बाप जन्मभर बोटींवर होता, हारुन कुवेतला, मामा बसऱ्याला. आमच्या घरात दर ईदला कुणीतरी येणार असायचं आणि यायचं नाही, आणि दर वेळी एवढेच दोन शब्द यायचे. तिनं कधी कुणाला उलट विचारलं नव्हतं. मला वाटत होतं की तिनं विचारावं, ‘सुटी दिली नाही ती कुणी?’ म्हणावं, त्या कठड्यावरून साऱ्या दुबईला ऐकू जाईल अशी शिव्यांची लाखोली वाहावी. ती नुसती मान डोलावत राहिली, समजूतदारपणे, भलत्याच दिशेला हात हलवत, आणि बोट वळली. तिच्या त्या समजूतदारपणाचा मला जेवढा राग आला, तेवढा साहेबाचाही आला नव्हता.